घरी आलेले दप्तर

दप्तर घरी असणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कित्येक पिढ्या गावचा जमाखर्च, जमिनीच्या नोंदी आणि साऱ्याचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेला असे. ते दप्तर सांभाळण्याच्या मोबदल्यात कुलकर्ण्याला वतन होते, गावात मान होता आणि नोंदीत खाडाखोड झाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हेही ठरलेले होते. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणे व कुलकर्णी वतने संपली आणि दप्तर सांभाळण्याचा वंशपरंपरागत हक्कही त्यांच्याबरोबर गेला. कार्यालयाचे कागद कार्यालयातच राहावेत, हा दंडक पुढे सर्वांच्याच अंगवळणी पडला. सायंकाळी कपाटाला कुलूप लागे, किल्ली ठरलेल्या माणसाकडे जाई आणि कारकून रिकाम्या हातांनी घरी जाई. मार्च २०२० मध्ये हा दंडक काही दिवसांत मोडला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी कर्मचाऱ्यांच्या हाती लॅपटॉप देऊन त्यांना घरी पाठविले. जेथे लॅपटॉप नव्हते तेथे घरचा संगणक आणि खिशातला मोबाइल हेच कार्यालय बनले.

साथ ओसरली, पण घरी आलेले काम पुरते परत गेले नाही. दूरध्वनी व संगणकाद्वारे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील अटी दूरसंचार खात्याने मार्च २०२० मध्ये तात्पुरत्या शिथिल केल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांतील बहुतेक कायमच्या काढून टाकल्या. लोकलच्या गर्दीत दिवसाचे तीन-चार तास घालविणाऱ्या नोकरदाराला, लहान मुलांच्या मातेला किंवा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलाला घरून काम करण्याची मुभा किती मोलाची आहे, हे सांगावयास नको. ती मुभा काढून घ्यावी, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. प्रश्न निराळा आहे. दप्तर घरी आले. त्याचे कुलूप कोणी आणावयाचे होते? अनेक संस्थांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी तो प्रश्नच कर्मचाऱ्याच्या उंबरठ्यावर ठेवून दिला आहे. कुलकर्ण्याला निदान वतन तरी होते. आजच्या कर्मचाऱ्याकडे वतन नाही, कुलूप नाही आणि चोरी झाली तर दोष मात्र त्याच्या नावावर तयार आहे.

न दिसणारी चोरी

कागदाची चोरी आणि संगणकातील माहितीची चोरी यांत एक मूलभूत फरक आहे. कपाटातून फाइल गेली तर तिची जागा रिकामी दिसते. संगणकातील यादी कोणी नेली तरी मूळ यादी जेथल्या तेथेच राहते. चोराने नक्कल नेलेली असते आणि मालक आपल्याजवळ सर्व काही शाबूत आहे, या समाधानात असतो. दुसरा फरक आकारमानाचा. एका खोलीत मावणार नाहीत एवढी कागदपत्रे नखाएवढ्या चकतीवर मावतात. एका कारकुनाच्या पिशवीतून एका तालुक्याची, प्रसंगी एका देशाची माहिती जाऊ शकते.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर अमेरिकेत २००६ साली घडलेली घटना पाहावी. तेथील माजी सैनिक कल्याण खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या मेरीलँडमधील घरी ३ मे रोजी घरफोडी झाली. चोरांनी लॅपटॉप आणि त्याला जोडावयाची एक बाह्य डिस्क नेली. त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिकांची व इतरांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते आणि ही सारी माहिती उघडी होती. कर्मचाऱ्याने चोरीची खबर वरिष्ठांना तत्काळ दिली. परंतु खात्याच्या सचिवांच्या कानी ती १६ मे रोजी गेली आणि जनतेला २२ मे रोजी कळली. जूनअखेर यंत्रे सापडली. माहितीला कोणी हात लावल्याचे दिसत नाही, असा निर्वाळा तपासयंत्रणेने दिला. तरीही दाव्यांच्या तडजोडीपोटी २००९ मध्ये सरकारला दोन कोटी डॉलर मोजावे लागले. प्रारंभी सारा रोष त्या एका कर्मचाऱ्यावर होता. त्याने एवढी माहिती घरी न्यावयास नको होती, हे खरेच आहे. पण ती वर्षानुवर्षे नेता येत होती, ती सांकेतिक रूपात बंदिस्त करण्याची सक्ती नव्हती आणि खबर मिळाल्यावर वरिष्ठांनी तेरा दिवस काढले, हे दोष त्या कर्मचाऱ्याचे नव्हते. फिरत्या संगणकांवरील माहिती सांकेतिक रूपातच ठेवावी, असा आदेश अमेरिकन प्रशासनाने सर्व खात्यांना दिला तो त्याच जून महिन्यात, म्हणजे घोडे पळाल्यानंतर तबेल्याला कडी घातल्यासारखा.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. संगणक सुरू करताना पासवर्ड विचारला जातो, म्हणून आतील माहिती सुरक्षित आहे, असे पुष्कळांना वाटते. तो पासवर्ड दाराचा असतो, तिजोरीचा नसतो. आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की दार ओलांडण्याची गरजच राहत नाही. संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात बंदिस्त केली असेल, तरच चोराच्या हाती केवळ निरर्थक अक्षरांचा ढीग लागतो. ही सोय आजच्या बहुतेक व्यावसायिक संगणकांत मुळातच असते. ती चालू करावयाची असते, एवढेच.

घराच्या दारातून कार्यालयात

घरफोडी करून यंत्र नेणे ही झाली जुनी पद्धत. अलीकडच्या काही वर्षांत चोरांनी घरी बसलेल्या माणसाचा दार म्हणून उपयोग करावयास सुरुवात केली आहे. १५ जुलै २०२० रोजी त्या वेळी ट्विटर या नावाने चालणाऱ्या कंपनीत जे घडले, ते या बाबतीत बोलके आहे. कंपनीचे कर्मचारी घरून काम करीत होते. कार्यालयाच्या जाळ्याशी दुरून जोडून घेताना त्या दिवसांत वारंवार अडचणी येत. चोरट्यांनी नेमके हेच हेरले. आपण कंपनीच्याच संगणक विभागातून बोलत आहोत, तुमची अडचण दूर करतो, असे सांगून त्यांनी कर्मचाऱ्यांना दूरध्वनी केले, कंपनीच्या पानासारख्याच दिसणाऱ्या बनावट पानावर नेले आणि पासवर्डाबरोबर दुसऱ्या पडताळणीचा संकेतही काढून घेतला. सुमारे १३० खात्यांना हात घालण्यात आला. त्यांत बराक ओबामा आणि जो बायडेन यांची खाती होती. या उद्योगाचा सूत्रधार फ्लोरिडातील अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा निघाला. घरून काम करण्याच्या बदललेल्या पद्धतीचा फायदा घेऊनच हे साधले गेले, असा निष्कर्ष न्यूयॉर्क राज्याच्या वित्तसेवा खात्याने आपल्या चौकशीअंती काढला. कार्यालयात असता तर त्या कर्मचाऱ्याने शेजारच्या टेबलावर विचारले असते, की संगणक विभागातून खरोखरच कोणाचा फोन आला होता काय? घरी शेजारचे टेबल नसते. एकटेपणा हेच तेथील खरे छिद्र होते.

दुसरी घटना २०२२ मधील. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या सर्वांत मौल्यवान माहितीच्या किल्ल्या केवळ चार अभियंत्यांपाशी होत्या. त्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकावर चित्रपट व संगीत लावण्याचे एक सॉफ्टवेअर होते. त्यातील दोष दुरुस्त करणारी आवृत्ती २०२० मध्येच निघालेली होती. ती या संगणकावर चढविलेली नव्हती. त्या फटीतून चोर शिरले, अभियंता कोणत्या कळा दाबतो याची नोंद करणारा चोरप्रोग्राम त्यांनी बसविला आणि मुख्य पासवर्ड मिळविला. असंख्य ग्राहकांच्या सांकेतिक तिजोऱ्यांच्या नकला त्यामुळे बाहेर गेल्या. पासवर्ड सांभाळणे हाच जिचा धंदा, त्या कंपनीला घरच्या करमणुकीच्या यंत्रातून धक्का बसावा, यापेक्षा बोध घेण्याजोगे उदाहरण सापडणे कठीण. घरचा आणि कार्यालयाचा संगणक एकच असला की कार्यालयाची सुरक्षितता घरातील सर्वांत दुबळ्या वस्तूएवढीच राहते, हा तो बोध होय.

सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेळेवर का करावी, याचे कारणही यातच आहे. निर्माता दुरुस्ती प्रसिद्ध करतो तेव्हा दोष कोठे आहे, हे चोरांनाही कळते. त्या दिवसापासून दुरुस्ती न केलेला प्रत्येक संगणक हा पत्ता जाहीर झालेल्या उघड्या घरासारखा असतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ज्यांनी मुदतवाढीसाठी मुद्दाम नोंदणी केली, त्यांनाच त्यानंतर त्या मिळू शकतात. मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले जुने संगणक याच प्रणालीवर चालत आले आहेत. त्यांवर बसून कोणी पतसंस्थेचे हिशेब किंवा शाळेचे निकाल तयार करीत असेल, तर ती यंत्रे कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी संस्थेने केली आहे काय?

जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न केवळ संगणक कंपन्यांचा आहे, असे समजून शिक्षकांनी व कारकुनांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. शाळेचा शिक्षक विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे दूरध्वनी पुष्कळदा स्वतःच्या मोबाइलवरून भरतो. वर्गाच्या याद्या व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे जातात. तोच मोबाइल संध्याकाळी धाकट्या मुलाच्या हाती खेळावयास जातो. २०२७ ची जनगणना ही देशातील पहिली अंकीय जनगणना म्हणून योजली गेली आणि तिची माहिती मोबाइलवरून भरण्याचे ठरले. घरोघर जाऊन ती गोळा करणाऱ्यांत प्राथमिक शिक्षकांचा भरणा नेहमीच मोठा असतो. अशा वेळी मोबाइल कोणाचा, तो बिघडला तर खर्च कोणाचा आणि त्यातील माहिती फुटली तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न क्षुल्लक राहत नाहीत.

या प्रश्नांना सरकारी यंत्रणा कशी उत्तरे देते, याचा मासला महाराष्ट्राने पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची स्मृती अपुरी आहे, ते तापतात, मध्येच बंद पडतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड मात्र सेविकांवर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. शासकीय फोन चालेना, म्हणून स्वतःचा किंवा घरातील दुसऱ्या कोणाचा फोन वापरावयाचा, म्हणजे गरोदर स्त्रियांची आणि कुपोषित बालकांची माहिती अनोळखी यंत्रांवर पसरावयाची. येथे सेविकेला सुरक्षिततेचे पाठ देणे ही क्रूर थट्टाच ठरेल. निकामी अवजार देणाऱ्यानेच सुरक्षिततेला पहिली खिंड पाडलेली असते.

कायद्याची दिशाही हीच आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितले. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय योजण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि प्रमुख बंधने अमलात येण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हा दंड माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला आहे, तिच्या कारकुनाला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. संगणक-सुरक्षेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, एप्रिल २०२२ मध्ये असा आदेश काढला, की घुसखोरीची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती कळविली पाहिजे. सहा तास! ज्या कार्यालयात लॅपटॉप हरवल्याचे सांगणाऱ्यास प्रथम कारणे दाखवा नोटीस मिळते, तेथे कर्मचारी पहिला दिवस शोधाशोधीत, दुसरा दिवस मित्रांचा सल्ला घेण्यात आणि तिसरा दिवस धीर गोळा करण्यात घालविणार, हे उघड आहे. मग सहा तासांचा नियम पाळला जावा कसा? भीती ही चोराची सर्वांत विश्वासू साथीदार असते.

सुरक्षितता आणि पाळत

काही व्यवस्थापनांनी याच निमित्ताने निराळाच मार्ग धरलेला दिसतो. सुरक्षिततेच्या नावाखाली कर्मचाऱ्याच्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवावयाचे, की जे दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेईल, किती कळा दाबल्या ते मोजील आणि कॅमेऱ्यातून खुर्ची रिकामी तर नाही ना, हे पाहील. दोन खोल्यांच्या घरात हा कॅमेरा केवळ कर्मचाऱ्याला पाहत नाही. तो त्याच्या आजारी आईला आणि अभ्यास करणाऱ्या मुलीलाही पाहतो. नेदरलँड्समध्ये एका अमेरिकन कंपनीने कॅमेरा सतत चालू ठेवण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढून टाकले, तेव्हा तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये ही सक्ती खाजगी जीवनाचा भंग करणारी ठरवून बडतर्फी बेकायदा ठरविली. यंत्राला कुलूप लावणे निराळे आणि माणसावर पहारा बसविणे निराळे. वर सांगितलेल्या दोन्ही घटनांत दिवसभर कॅमेरा चालू असता, तरी एकही चोर अडला नसता. शिवाय अशी साठविलेली छायाचित्रे हीच चोरांना एक नवी तिजोरी होते, याचाही विचार व्हावयास हवा.

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत आणि त्यांतील बरेचसे महागही नाहीत. ज्या कामात इतरांची वैयक्तिक माहिती हाताळावी लागते, त्या कामासाठी संस्थेने स्वतःचे यंत्र द्यावे आणि ते चालण्याजोगे असावे. त्याची डिस्क सांकेतिक रूपात बंदिस्त करून मगच ते बाहेर पाठवावे. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या कर्मचाऱ्याच्या सवडीवर न सोडता कार्यालयातून चढविल्या जाव्यात. केवळ पासवर्डावर प्रवेश न देता दुसरी पडताळणी असावी. आणि ट्विटरचा अनुभव पाहता, सांगता येणाऱ्या आकड्यांपेक्षा यंत्राला जोडावयाची छोटी किल्ली अधिक भरवशाची, कारण ती फोनवरून कोणाला सांगताच येत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद व्हावीत. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल कंपनीची इंधनवाहिनी खंडणीखोरांमुळे काही दिवस बंद पडली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. चोर आत शिरले होते ते दुरून प्रवेश देणाऱ्या, वापरात नसलेल्या पण उघड्या राहिलेल्या एका खात्यातून आणि त्या खात्याला दुसऱ्या पडताळणीचे संरक्षण नव्हते.

लहान शाळेला किंवा पतसंस्थेला प्रत्येकास लॅपटॉप देणे परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली, जी माहिती घरी नेण्याचे कारणच नाही ती नेऊ न देणे, याला एक पैसाही पडत नाही. निकालपत्रक तयार करण्यास हजेरी क्रमांक आणि गुण पुरतात; त्यासाठी आधार क्रमांक लागत नाही. घरी न गेलेली माहिती घरून चोरीला जात नाही, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित नियम आहे. दुसरी गोष्ट, खऱ्या अडचणीच्या वेळी फोन करता येईल असा एक ठरलेला क्रमांक आणि चूक तत्काळ कळविणाऱ्याला त्या कळविण्यापायी शिक्षा होणार नाही, अशी लेखी हमी. ही हमी देण्यास मनाचा मोठेपणा लागतो, अंदाजपत्रकातील तरतूद नव्हे.

कर्मचाऱ्यांनीही सर्व भार संस्थेवर टाकून मोकळे होणे योग्य नाही. कार्यालयाचे यंत्र मुलांच्या हाती न देणे, कामाची कागदपत्रे सोयीसाठी खाजगी टपालावर किंवा पेनड्राइव्हवर न उतरविणे, संगणक विभागातून म्हणून आलेला फोन ठेवून ठरलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करणे आणि काही विपरीत घडले तर तासाभरात सांगणे, एवढे त्यांच्या हाती निश्चित आहे. मात्र ही शिस्त मागण्याचा नैतिक अधिकार ज्या संस्थेने आपल्या वाट्याचे काम आधी केले असेल, तिलाच पोहोचतो. एक परिपत्रक काढून खाली सर्वांच्या सह्या घेतल्या, की जबाबदारी संपली, ही सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही कचेऱ्यांची समजूत आता टिकणारी नाही.

या साऱ्या वादात ज्याचे सर्वाधिक नुकसान व्हावयाचे, तो माणूस कोठेच उपस्थित नसतो. कर्जासाठी आपले उत्पन्न सांगणारा शेतकरी, दवाखान्यात आपला आजार सांगणारी स्त्री, शाळेच्या अर्जावर मुलीची जन्मतारीख लिहिणारा बाप, यांनी आपली माहिती एका कार्यालयावर विश्वास ठेवून दिलेली असते. ते कार्यालय पुढे कोणाच्या घरातील कोणत्या टेबलावर गेले, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख, आजार आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. एकदा फुटलेली अशी माहिती माणसाला जन्मभर पुरते. म्हणून प्रत्येक शाळेच्या, बँकेच्या आणि कचेरीच्या प्रमुखाने आपल्या लोकांची कोणती माहिती आज कोणाच्या घरी आहे, याची यादी आधी करावी. ही यादी ज्याला करता येत नाही, त्याने कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल बोलू नये.